टॉन्सिलचे ऑपरेशन : पद्धती, रक्तस्राव आणि पाचवा ते दहावा दिवस



आजचा पाठ अभ्यासक्रमातला नाही. पण शाळेत लहान मुले आहेत तोपर्यंत तो कधी ना कधी आपल्यासमोर येणारच. टॉन्सिलचे ऑपरेशन कसे करतात, त्यात रक्तस्राव का होतो, आणि तो बऱ्याचदा ऑपरेशनच्या दिवशी न होता आठवड्याने का होतो, हे आज समजून घेऊ. मी प्राथमिक शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. हा लेख माहितीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्याच सल्ल्याने करायचे, हे आधीच सांगते.

हा विषय का घेतला?

आमच्या येवल्यातल्या माझ्या वर्गात दुसरीत एक मुलगी होती. वडील पैठणीच्या मागावर, आई घरी कांड्या भरायची. मुलीचा घसा सारखा धरायचा, ताप यायचा, महिन्यातले चार-पाच दिवस गैरहजर. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. ऑपरेशन सोमवारी झाले आणि दुसऱ्या दिवशी मुलगी घरी आली. शनिवारी मीच तिच्या आईला फोन केला, "ताई, सोमवारपासून संकलित चाचणी आहे. बरी असेल तर पाठवा, नुसती बसून पेपर लिहील."

आईने पाठवली. मुलगी गप्प बसून लिहीत होती. मधल्या सुट्टीच्या आधी मला दिसले की ती सारखी घोट गिळते आहे. पाणी पीत नव्हती, काही खात नव्हती, नुसतेच गिळत होती. मला वाटले, घसा दुखत असेल. थोड्या वेळाने तिला उलटी झाली. उलटी कॉफीच्या रंगाची होती आणि त्यात लाल गाठी होत्या. ती पोटात गेलेले रक्त बाहेर टाकत होती. मी मात्र अर्धा तास ते "गिळणे" बघत बसले होते.

वेळेत दवाखान्यात पोहोचलो. तिला पुन्हा भूल देऊन रक्तवाहिनी बांधावी लागली. मुलगी वाचली, आज पाचवीत आहे. पण तो शनिवारचा फोन मी विसरलेले नाही. त्यानंतर मी वाचले, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारले. जे समजले ते इथे मांडते.

१) टॉन्सिल म्हणजे काय?

तोंड मोठे उघडून आरशात बघा. मध्ये लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना, घशाच्या कडेच्या खाचेत ज्या दोन गाठी दिसतात, ते टॉन्सिल. आपल्याकडे पुष्कळ जण पडजीभ आणि टॉन्सिल एकच समजतात. ते चूक आहे.

टॉन्सिल लसिका ऊतींचे बनलेले असतात, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या यंत्रणेचा भाग असतात. नाकामागचे ॲडेनॉइड, जिभेच्या मुळाशी असलेल्या ऊती आणि हे दोन टॉन्सिल मिळून घशाभोवती एक कडे तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयर यांच्या नावावरून त्याला 'वाल्डेयरचे वलय' म्हणतात. लहानपणी टॉन्सिल मोठे असतात, वय वाढेल तसे लहान होत जातात. म्हणून नुसते मोठे दिसतात एवढ्यावरून ते काढायचे नसतात.

आता आजच्या पाठासाठी महत्त्वाचे तीन मुद्दे:

- टॉन्सिलच्या बाहेरच्या बाजूला एक पातळ आवरण असते. त्याच्या पलीकडे घशाचा स्नायू. दोघांच्या मध्ये सैल ऊतींचा थर असतो. सर्जन याच थरातून टॉन्सिल सोडवतो.
- एवढ्याशा गाठीला पाच रोहिण्यांच्या शाखांतून रक्त मिळते. शिवाय कडेने जाणारी एक नीलाही असते. पुष्कळदा रक्त तिच्यातून येते.
- मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रोहिणी टॉन्सिलपासून सुमारे अडीच सेंटीमीटरवर असते. म्हणून हे ऑपरेशन 'छोटे' म्हटले तरी हलक्यात घेण्यासारखे नाही.

२) ऑपरेशन कधी सांगतात?

घसा दुखला की टॉन्सिल काढा, असे नाही. अमेरिकेतील पिट्सबर्गचे डॉ. जॅक पॅराडाइज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली मोजणी आजही डॉक्टर वापरतात. एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घशाचा चांगला मोठा संसर्ग झाला असेल तर ऑपरेशनचा विचार करतात. यापेक्षा कमी वेळा होत असेल तर बहुधा वाट बघतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे झोपेत श्वास अडकणे. मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठते, दिवसा वर्गात पेंगते. असे मूल दिसले तर "आळशी आहे" म्हणण्याआधी पालकांना विचारा, रात्री घोरतो का? शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते तेव्हा हेही त्यांच्या कानावर घाला. मूल किती वेळा घसा दुखून गैरहजर राहिले हे आपल्या हजेरीपटावरून सांगता येते. डॉक्टरांना त्या नोंदीचा उपयोग होतो.

३) ऑपरेशनच्या पद्धती

टॉन्सिल काढणे फार जुने आहे. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस याने बोटाने टॉन्सिल सोडवून काढण्याचे वर्णन केले आहे. पुढे गिलोटिन आले. कड्यासारख्या हत्यारात टॉन्सिल अडकवून एका झटक्यात कापायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आवरणासकट पूर्ण टॉन्सिल सोडवण्याची पद्धत रुळली.

आज मूल पूर्ण भुलेखाली असते. पाठीवर झोपवून मान मागे झुकवतात, तोंड उघडे राहावे म्हणून एक साधन बसवतात आणि श्वासाची नळी घालतात. बाहेरून कुठेही काप नसतो. सगळे काम तोंडातून होते. पुढच्या पद्धती यानंतरच्या कामात वेगळ्या होतात.

(अ) थंड हत्यारांची पद्धत. चिमट्याने टॉन्सिल आतल्या बाजूला ओढतात, कडेची त्वचा कापतात, सैल थरातून टॉन्सिल हळूहळू सोडवतात आणि खालचे टोक तारेच्या फासात धरून तोडतात. रिकाम्या खाचेत काही मिनिटे गॉज दाबून धरतात. तरी रक्त येत असेल ती वाहिनी दोऱ्याने बांधतात. ऑपरेशनच्या वेळी रक्त थोडे जास्त जाते, पण आजूबाजूची ऊती भाजत नाही.

(आ) डायथर्मी. विजेच्या उष्णतेने कापणे आणि वाहिन्या बंद करणे. ऑपरेशन लवकर होते, टेबलावर रक्त कमी जाते. पण तापमान शेकडो अंशांपर्यंत जाते. आजूबाजूचा भाग भाजतो आणि नंतर दुखणे जास्त असते.

(इ) कोब्लेशन. मिठाच्या पाण्यातून रेडिओ लहरी सोडून ऊती विरघळवतात. तापमान साधारण ४० ते ७० अंश सेल्सिअस, म्हणजे डायथर्मीपेक्षा खूपच कमी. खर्च जास्त, कारण त्याची कांडी महाग असते.

(ई) हार्मोनिक स्काल्पेल. सेकंदाला ५५,५०० वेळा कंप पावणारे पाते. कापतानाच लहान वाहिन्या बंद होतात. काही ठिकाणी लेसरही वापरतात.

(उ) आवरण ठेवून काढणे. टॉन्सिलचा बहुतेक भाग काढतात, पण आवरणाजवळचा पातळ थर तसाच ठेवतात. स्नायू आणि मोठ्या वाहिन्या उघड्या पडत नाहीत, म्हणून दुखणे आणि रक्तस्राव कमी. तोटा हा की थोड्या मुलांत टॉन्सिल पुन्हा वाढू शकतो. श्वास अडकणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत जास्त वापरतात.

एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. यातल्या कोणत्याही पद्धतीत जखमेला साधारणपणे टाके घालून तोंड मिटवत नाहीत. घशात दोन उघड्या जखमा राहतात आणि त्या तळापासून भरून येतात. पुढचे सगळे यावरून समजते.

४) रक्तस्राव तीन प्रकारचा

१. ऑपरेशन चालू असताना होणारा. सर्जन समोरच असतो, तिथेच थांबवतो.

२. पहिल्या २४ तासांतला. भूल उतरते, रक्तदाब वर येतो, मूल रडते-खोकते, एखादी गाठ सुटते. म्हणून मुलाला कुशीवर झोपवतात. रक्त आले तर ते पोटात न जाता तोंडातून बाहेर दिसावे, हा त्यामागचा हेतू. नर्स दर थोड्या वेळाने नाडी बघते ती याचसाठी.

३. पाचव्या ते दहाव्या दिवशी होणारा. आपल्याला सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचे आहे.

तिसरा प्रकार का होतो? एक-दोन दिवसांत जखमेवर पांढरट-पिवळट थर धरतो. पालक घाबरतात, "पू झाला!" तो पू नसतो. गुडघ्याच्या जखमेवर खपली धरते तशीच ही घशातली खपली, फक्त ओली असल्याने पांढरी दिसते. पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत ती सुटते. खाली नवी त्वचा तयार झाली असेल तर काही होत नाही. पण संसर्ग झाला असेल, किंवा खपली लवकर उखडली, तर खालची वाहिनी उघडी पडते. उष्णतेने भाजलेल्या जखमेत खपली जाड आणि खोल असते, म्हणून तिथे धोका जास्त.

म्हणजे बघा, ऑपरेशनच्या टेबलावर कमी रक्त गेले याचा अर्थ पुढेही कमी जाईल असा नाही.

५) आकडे काय सांगतात?

इंग्लंडमध्ये जानेवारी २००१ मध्ये सरकारने टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी एकदाच वापरून फेकून द्यायची हत्यारे सक्तीची केली. 'मॅड काऊ' रोगाचा माणसांतला प्रकार हत्यारांतून पसरेल अशी भीती होती. हेतू चांगला होता. पण नव्या हत्यारांनी रक्तस्राव वाढल्याच्या तक्रारी आल्या, मृत्यूही झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

त्यानंतर इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये जुलै २००३ ते सप्टेंबर २००४ या काळात सुमारे ३४ हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात दिसले ते असे:

- दर १०० रुग्णांत साधारण ३.५ जणांना नंतर रक्तस्राव झाला. म्हणजे २०० रुग्णांमागे ७.
- दर १००० मध्ये साधारण ९ जणांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागले.
- मोठ्या माणसांत प्रमाण लहान मुलांपेक्षा जास्त होते.
- उष्णता अजिबात न वापरता केलेल्या ऑपरेशनांच्या तुलनेत, डायथर्मीने किंवा कोब्लेशनने कापलेल्यांत धोका सुमारे तिप्पट होता.

हे आकडे तिथले आणि त्या काळातले आहेत. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः कोब्लेशनबद्दल, निकाल एकसारखे नाहीत. सर्जनचा हात त्या साधनावर किती बसला आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून "नवीन मशीन आहे का?" एवढेच विचारू नका. "तुम्ही कोणत्या पद्धतीने करता, आणि रात्री रक्त आले तर आम्ही कुठे यायचे?" हे विचारा.

६) थोडे गणित

मुलाच्या अंगात रक्त किती असते? वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ७५ मिलिलिटर धरू.

२० किलो × ७५ = १५०० मिलिलिटर, म्हणजे दीड लिटर. शाळेत आणतात त्या एक लिटरच्या पाण्याच्या दीड बाटल्या. दुसरी-तिसरीच्या मुलाचे एवढेच रक्त!

आता एक कप, म्हणजे १५० मिलिलिटर रक्त गेले तर?
१५० ÷ १५०० = एक दशांश, म्हणजे १० टक्के.

साठ किलोच्या माणसाच्या अंगात, किलोमागे ७० मिलिलिटर धरले तर, ४२०० मिलिलिटर रक्त असते. त्याचा एक कप गेला तर चार टक्क्यांहून कमी. मोठ्या माणसाला जे 'थोडेसे' वाटते ते मुलासाठी थोडेसे नसते.

त्यात दोन फसवणुकी आहेत. एक, लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळते. बाहेर काहीच दिसत नाही. दुसरी, मुलाचे शरीर बराच वेळ तग धरते. नाडी जलद होते, पण मूल चालते-बोलते, आणि मग एकदम ढासळते. "ठीक दिसतोय" यावर विसंबू नका.

७) ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काय सांगावे?

- दात पडला तेव्हा किंवा खरचटल्यावर रक्त लवकर थांबत नाही का? नाकातून वारंवार रक्त येते का? घरात कुणाला असा त्रास आहे का? रक्ताच्या तपासण्या करतातच, पण ही माहिती तितकीच मोलाची.
- घरात ॲस्पिरिन किंवा दुसरी कुठली गोळी, काढा, चूर्ण चालू आहे का?
- सध्या ताप-सर्दी आहे का? असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात.
- दुधाचा दात हलतो आहे का? सहा-सात वर्षांच्या मुलांत हा हमखास असतो. भूल देताना तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.

८) घरी आल्यावर

मुलाला खाऊ-पिऊ द्या. "घसा दुखतो, राहू दे उपाशी" असे करू नका. गिळल्याने घशाचे स्नायू हलते राहतात, जखम स्वच्छ राहते. पाणी भरपूर. मऊ भात, पातळ खिचडी, पेज, केळे, गार दूध, साधे आइस्क्रीम चालते. बाजरीची कडक भाकरी, टोस्ट, चिवडा, शेव, ठेचा दोन आठवडे बंद. भाकरी हवीच असेल तर दुधात पूर्ण कुस्करून, गार करून.

लाल रंगाचे गारेगार, बीट, लाल सरबत देऊ नका. उलटी झाली तर ते रक्त आहे की रंग, हे कळणार नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी कान दुखतो. कानाला काही झालेले नसते. घसा आणि कान यांची एक नस सामायिक आहे, म्हणून घशाचे दुखणे कानात जाणवते. कानात तेल घालू नका. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेलेच औषध, दिलेल्या वेळेला. मनाने ॲस्पिरिन अजिबात नको.

आणि कुणीही घशात बोट घालून हळद-मीठ लावायचे नाही. आजींचा जीव असतो नातवावर, पण त्यांना हात जोडून सांगा.

९) रक्त आले तर

लक्षणे : सारखे गिळणे, थुंकीत लाल रक्त, कॉफीसारखी किंवा लाल उलटी, चेहरा पांढरा पडणे, हातपाय गार, घाम, जलद नाडी.

काय करायचे :

१. मुलाला बसवा, पुढे झुकवा, रक्त भांड्यात थुंकू द्या. उताणे झोपवू नका. भोवळ येत असेल तर कुशीवर झोपवा.
२. खायला-प्यायला काही देऊ नका. पुन्हा भूल द्यावी लागू शकते.
३. घशात बोट, कापूस, औषध काही घालू नका.
४. लगेच सर्जनला फोन आणि दवाखाना. गाडी नसेल तर १०८.
५. भांडे सोबत न्या, किती रक्त गेले ते डॉक्टरांना कळते.
६. रक्त आपोआप थांबले तरी दवाखान्यात जाच. थोडे येऊन थांबलेले रक्त ही पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकते.

येवल्याहून नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटर. रात्री दोनला रक्त आले तर कुठे जायचे हे रात्री दोनला ठरवायचे नसते. ऑपरेशन नाशिकला केले असेल तर घरी निघण्याआधीच विचारून ठेवा की जवळ कुठे दाखवायचे. वाडी-वस्तीवर राहत असाल तर शक्य झाल्यास ते दहा दिवस गावात नातेवाइकांकडे राहा.

१०) आपण शिक्षकांनी काय करायचे?

मूल पाचव्या दिवशी खेळायला लागते. दुखणे कमी, ताप नाही. पालकांना वाटते झाले बरे, आपल्यालाही वाटते. नेमके त्याच दिवसांत खपली सुटत असते. म्हणून:

- ऑपरेशनची तारीख हजेरीपटाच्या शेऱ्यात लिहा. तिथून दोन आठवडे मुलाला शाळेत बोलावू नका.
- चाचणी नंतर घेता येते. मी हे फार उशिरा शिकले.
- शाळेत आल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत पळापळी, कबड्डी, मोठ्याने पाढे म्हणणे नको.
- सारखे गिळणारे मूल दिसले तर तोंड उघडायला लावून बॅटरीने बघा. काही दिसले नाही तरी पालकांना फोन करा.

मित्रांनो, टॉन्सिलचे ऑपरेशन भिण्यासारखे नाही. वरच्या हिशेबाने शंभरातल्या शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना रक्तस्राव होत नाही. पण आपल्या वर्गातले मूल उरलेल्या तीन-चारांत असेल तर ते आधी कुणाला दिसणार? सर्जन तेव्हा जवळ नसतो. जवळ असते आई, नाहीतर आपण.

स्वाध्याय (पालक सभेत जरूर घ्या)

१. पडजीभ आणि टॉन्सिल यांतला फरक सांगा.
२. घशातला पांढरा थर म्हणजे पू का नाही?
३. १८ किलो वजनाच्या मुलाच्या अंगात अंदाजे किती रक्त असेल? त्याचे १० टक्के किती?
४. ऑपरेशन ३ तारखेला झाले. पाचवा ते दहावा दिवस कोणत्या तारखांना येईल? (ऑपरेशननंतरचा पहिला दिवस ४ तारीख धरा.)
५. रक्त थांबले तरी दवाखान्यात का जायचे?

उत्तरे वहीत लिहा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र, घरात ऑपरेशन ठरले असेल तर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.